बोल्टमधली पिन अडकली, तर

निवडणूक जाहीर झाली की आपल्या भागातल्या बहुतेक परवानाधारकांना बंदूक जमा करावी लागते, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे. मतमोजणी आटोपून, कागदपत्रे होऊन ती घरी परत येईपर्यंत दोन-तीन महिने सहज निघून जातात. त्यात पावसाळा गाठला तर विचारायलाच नको. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, किंवा चंदगड आणि गोव्यातल्या सत्तरीकडे ज्यांची शेती आहे, त्यांना वेगळे सांगायला नको की या पट्ट्यात कोरडे कपाट ही चैनीची गोष्ट आहे. मग एक दिवस बंदूक घरी येते. बोल्ट उघडतो, बंद होतो, पण चाप दाबल्यावर नेहमीचा खणखणीत ‘खट्’ आवाज येत नाही. मागचा घोडा रेंगाळत पुढे सरकतो किंवा मध्येच थांबतो. बोल्टच्या पोटातली पिन अडकलेली असते.

पुढे काय होते तेही ठरलेलेच. घरातला एखादा उत्साही तरुण खिळा आणि हातोडी आणतो. एखादे काका बोल्ट चुलीवर किंवा लोहाराच्या भट्टीत तापवायचा सल्ला देतात. कोणीतरी म्हणतो, उद्यमबागेत नेऊया, तिथे लेथवर काय वाटेल ते वळवून मिळते. हे तिन्ही मार्ग चुकीचे का, आणि योग्य मार्ग कोणता, हे आपल्या सभासदांना नीट कळावे म्हणून हा लेख लिहीत आहे. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे आणि मंडळाच्या कितीतरी घरांत सैन्यातून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांना यातले बरेचसे ठाऊक असेल. पण हल्ली बंदूक वापरणारे सगळेच काही फौजी नाहीत. आजोबांच्या मागे परवाना आपल्या नावावर करून घेतलेली, पण आयुष्यात एकदाही बोल्ट उघडून न पाहिलेली मंडळी आपल्यात आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा विषय आहे. स्वतःची बंदूक पुसणे, तेल देणे, बोल्ट उघडून साफ करणे ही मालकाची रोजची देखभाल झाली. भाग बदलणे, घासून बसवणे, भोक पाडणे, नवीन पिन करून घालणे ही दुरुस्ती झाली आणि ती परवाना असलेल्या गनस्मिथनेच करायची. ही रेषा कुठे येते ते खाली त्या त्या ठिकाणी सांगेन.

बोल्टच्या पोटात काय असते

आपल्याकडे परवान्यावर असलेल्या बोल्टच्या रायफली बहुतांश .३१५ बोअरच्या, पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीत बनलेल्या असतात. (बाकी घरांत बारा बोअर किंवा ठासणीची बंदूक असते. ठासणीच्या बंदुकीला बोल्टच नसतो, त्यामुळे त्यांनी हा लेख करमणूक म्हणून वाचावा.) .३१५ ची जात म्हणजे जुन्या लष्करी .३०३ ली-एनफील्डचीच. ब्रिटिश काळात सैन्याचे .३०३ काडतूस नागरिकांना मिळू नये म्हणून तीच रचना ठेवून दुसरे काडतूस दिले गेले. ते मूळचे ऑस्ट्रियाच्या मॅनलिकर रायफलीचे, ८ मिलिमीटरचे. .३०३ आजही निषिद्ध बोअर आहे. पण ज्या निवृत्त जवानाने .३०३ हाताळली आहे, त्याला .३१५ चा बोल्ट परका वाटणार नाही.

हा बोल्ट म्हणजे एक पोकळ नळी. तिच्या पुढच्या टोकाला आट्यांनी बसवलेले बोल्ट हेड असते. त्यात काडतुसाची कड पकडणारा एक्सट्रॅक्टर आणि मधोमध बारीक भोक असते. नळीच्या आत लांब पिन असते, जिला कारखान्याच्या भाषेत स्ट्रायकर म्हणतात. आपण पिनच म्हणू. पिनेभोवती मुख्य स्प्रिंग असते. पिनेला पुढच्या बाजूला एक जाड कडे आहे, स्प्रिंग त्या कड्यावर टेकते. पिनेचे मागचे टोक नळीच्या बाहेर येऊन कॉकिंग पीसमध्ये, म्हणजे आपण ज्याला मागचा घोडा म्हणतो त्यात, आट्यांनी घुसते. ती आपोआप फिरून सुटू नये म्हणून कॉकिंग पीसमध्ये एक छोटा स्क्रू असतो, तो पिनेच्या खाचेत बसतो. एवढेच. बोल्ट पुढे ढकलताना शेवटी जो जोर लागतो, तो या स्प्रिंगला ताणण्याचा. चाप दाबला की कॉकिंग पीस सुटतो, पिन पुढे धावते, तिचे टोक बोल्ट हेडच्या भोकातून जेमतेम एक मिलिमीटर किंवा किंचित जास्त बाहेर येते आणि काडतुसाच्या टोपीवर आदळते.

या एका मिलिमीटरवर सगळा खेळ आहे. टोक कमी बाहेर आले किंवा हळू आले, तर टोपी पेटत नाही. रानडुकरांचा कळप उसातून बाहेर आलेला असताना बार उडाला नाही, तर माणूस एक वेळ नशिबाला दोष देऊन गप्प बसेल. खरा धोका पुढे आहे. मंद आघाताने टोपी कधी कधी उशिरा पेटते. ‘बार फुसका गेला’ म्हणून घाईने बोल्ट उघडला आणि काडतूस बाहेर येतानाच पेटले, तर ते तोंडासमोर फुटते. म्हणून बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबायचे, मग बोल्ट उघडायचा. उलट बाजूही तितकीच वाईट. टोक जास्त बाहेर आले किंवा धारदार असले, तर ते टोपीला भोक पाडते आणि गरम वायू बोल्टमधून मागे, नेम धरलेल्या डोळ्याकडे येतो.

पिन अडकते का

आपण लगेच म्हणतो, गंजली. बहुतेक वेळा ते खरे नसते, निदान पूर्ण खरे नसते. गंजापेक्षा तेलाने अडकलेल्या पिनाच जास्त भेटतात.

आपल्या भागात बंदुकीला खोबरेल तेल लावायची जुनी सवय आहे, गोव्यात तर फारच. दिसायला सुंदर चमक येते. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते. बाटलीतले तेल डिसेंबरात कसे पांढरे दगडासारखे होते ते आपण रोज न्हाणीघरात पाहतो. तेच तेल बोल्टच्या नळीत, स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसलेले असते. थंडीतल्या पहाटे, म्हणजे नेमके जनावर शेतात यायच्या वेळी, पिन त्या गोळ्यातून वाट काढत पुढे जाते. करडईचे आणि जवसाचे तेल याहून वाईट. ही तेले हवेत राहून वाळतात आणि चिकट पापुद्रा धरतात. जवसाचे तेल लाकडी दस्त्याला उत्तम, पण बोल्टच्या आत त्याचा थेंबही नको. घट्ट ग्रीसचेही तेच. वर्षानुवर्षे थरावर थर चढत गेला की त्याचे मेण होते आणि त्यात नळीतला काजळीचा चुरा मिसळला की झालेच.

दुसरे कारण मिठाचे. जुन्या पद्धतीच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या मिठाचाच भाऊ. हे मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. बार झाल्यावर नुसते तेल लावून भागत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणूनच जुन्या फौजेत गोळीबारानंतर नळीत कढत पाणी ओतायची पद्धत होती. पाहणाऱ्याला वाटायचे, बंदुकीला पाणी लावतात म्हणजे काय. पण आधी कढत पाणी, मग कोरडी चिंदी, मग तेलाची चिंदी, हा क्रम शहाण्यांनी ठरवलेला आहे. बोल्ट हेडचा समोरचा भाग आणि मधले भोकही याच मिठाने गंजते, हे मात्र बरेच जण विसरतात.

तिसरे कारण खरा गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. त्यामुळे पिन आणि भोक यांच्यात केसाएवढी फट असेल, तर ती भरून निघायला फार गंज लागत नाही. पाचर ठोकल्यासारखी पिन घट्ट होते.

आणि चौथे कारण, ज्याच्याकडे कोणी पाहत नाही: पिन अडकलेलीच नसते. तिच्यावर ताण असतो, किंवा तिला कुठला तरी स्क्रू धरून बसलेला असतो, आणि आपण तो न काढता पिनेवर जोर करत असतो. कुठलीही पिन काढायला बसण्यापूर्वी तिला कोणी धरले आहे हे शोधायचे. तेल, मीठ, गंज, ताण की स्क्रू? उत्तर वेगवेगळे तर उपायही वेगवेगळा.

काम कसे करायचे

मॅगझिन काढा. बोल्ट उघडून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालून चाचपा. काडतुसे दुसऱ्या खोलीत, कुलपात. मुले आणि पाहुणे बाहेर. मग बोल्ट पूर्ण मागे घ्या, बोल्ट हेड वर उचलून त्याच्या पकडीतून सोडवा आणि बोल्ट मागून बाहेर काढा. आता बंदूक म्हणजे नुसती नळी आणि लाकूड. ती बाजूला ठेवून द्या.

हातात बोल्ट आला की आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. कॉकिंग पीस कुठे आहे, त्यातला स्क्रू कुठल्या बाजूला आहे, पिनेचे मागचे टोक कॉकिंग पीसच्या पातळीत आहे की आत-बाहेर, हे सगळे परत जोडताना लागते. आपल्या वडिलांच्या पिढीला कागदावर चित्र काढावे लागे, आपल्याला ही सोय आहे तर वापरावी.

बोल्ट हेड हाताने फिरवून काढा. इथेच घट्ट असेल तर पक्कड लावू नका. बोल्ट उभा राहील अशा उंच, अरुंद डब्यात तो रॉकेलमध्ये बुडवा आणि रात्रभर ठेवा. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही. मग डिझेल चालते, पण ते हवेशीर जागी, देवघरातल्या समईपासून आणि स्वयंपाकघरापासून लांब. पेट्रोल मात्र कधीही नको. तेलाने आणि ग्रीसने अडकलेली पिन निम्म्याहून अधिक वेळा एवढ्यानेच सुटते. सकाळी डब्याच्या तळाशी तपकिरी लगदा दिसेल. तो पाहिला की पुढच्या वेळी खोबरेलाची बाटली कोणी उचलणार नाही.

मीठ आणि काजळी असेल तर कढत पाणी. इथे काही जणांना शंका येते: तापवायचे नाही म्हणता आणि कढत पाणी कसे चालते? पोलादाला पाणी पाजून दिलेला कडकपणा उकळत्या पाण्याच्या १०० अंशांना हलत नाही. भट्टीत मात्र धातू काही शे अंशांपर्यंत जातो, लाल झाला की तर त्याहून पुढे. बोल्टला मागच्या बाजूला जे दोन दात आहेत, त्यांच्यावर प्रत्येक बाराचा सगळा धक्का येतो. ते वरून कडक केलेले असतात. एकदा लाल तापवून थंड केलेला बोल्ट दिसायला तसाच राहतो, पण दात मऊ झालेले असतात. तो पहिल्या बाराला तुटेल असे नाही. हळूहळू चेपत जाईल, काडतुसामागची फट वाढत जाईल, आणि एक दिवस काडतुसाचे पितळ फाटेल. स्प्रिंगचेही तेच. ज्या बोल्टने भट्टी पाहिली आहे, तो पुन्हा बंदुकीत घालू नये, मग तो कितीही चकचकीत केलेला असो. गॅस टॉर्च म्हणजे भट्टीचीच लहान बहीण, तिलाही हाच नियम.

खरा गंज असेल तर गंज सोडवणारे पातळ तेल लागते. ते फवाऱ्याच्या डब्यात हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बोल्ट हेडच्या भोकातून, पिनेच्या मागच्या टोकाशी, कॉकिंग पीसच्या स्क्रूवर, असे तीन ठिकाणी थेंब सोडा आणि वाट पाहा. वाट पाहा म्हणजे चहा होईपर्यंत नव्हे. एक दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब, पुन्हा एक दिवस. मध्ये मध्ये बोल्टच्या नळीवर लाकडी मुठीने हलके टकटक करा. त्या कंपनाने गंजाच्या पापुद्र्यात बारीक तडे जातात आणि तेल त्यातून आत उतरते.

आता पिन काढायची. आधी कॉकिंग पीसमधला छोटा स्क्रू. या कामात सगळ्यात जास्त नुकसान या स्क्रूचे होते, पिनेचे नव्हे. स्क्रू ड्रायव्हरचे पाते खाचेत पूर्ण भरले पाहिजे, लांबीला आणि जाडीलाही. घरातला विजेच्या बोर्डाचा स्क्रू ड्रायव्हर निमुळता असतो. तो खाचेच्या तोंडाशी अडतो आणि कडा खाऊन टाकतो. योग्य पाते नसेल तर थांबा, दुसऱ्या दिवशी आणा. हा स्क्रू पुरता सोडवल्याशिवाय पिन फिरवायला गेलात, तर पिनेची खाच आणि स्क्रूचे टोक दोन्ही मोडतात. ‘पिन अडकली’ म्हणून गनस्मिथकडे आलेल्या कितीतरी बोल्टांत हाच स्क्रू अर्धवट सोडलेला असतो.

स्क्रू निघाला की पिन कॉकिंग पीसमधून फिरवून सोडवायची. त्यासाठी एक खास हत्यार असते. ती एक पोकळ नळी असते आणि तिच्या टोकाला दोन दाते असतात. ती बोल्टच्या पुढच्या तोंडातून आत घालायची. तिचे दाते पिनेच्या कड्यावरच्या दोन खाचांत बसतात. हे हत्यार नसेल तर हे काम घरी करायचे नाही, गनस्मिथकडे न्यायचे. पक्कडीने पिनेचे टोक धरून फिरवणाऱ्याने पिन वाया घालवली असे समजा. हत्यार असेल तर डोळ्यांवर चष्मा लावून, हत्यार आत घट्ट दाबून धरत पिन सोडवा. आटे संपताच स्प्रिंग पिनेला पुढच्या बाजूला ढकलते. हात ढिला असेल तर पिन खोलीच्या दुसऱ्या टोकाला सापडते. बोल्टचे तोंड भिंतीकडे ठेवा, माणसाकडे कधीच नको.

हत्यार नीट बसूनही पिन फिरत नसेल, तर जोर वाढवायचा नाही. परत तेल आणि एक दिवस. तीन-चार दिवसांनीही हलली नाही तर बोल्ट जसा आहे तसा गनस्मिथकडे द्या. आत नेमके काय झाले आहे ते तो सांगेल: कडे वाकले आहे, आटे खाल्ले आहेत, की पिनेचे टोक तुटून बोल्ट हेडच्या भोकात रुतले आहे. हे शेवटचे सगळ्यात धोक्याचे. तुटलेले टोक बाहेर डोकावत असेल, तर बोल्ट बंद करतानाच ते टोपीवर टेकू शकते, चापाला हात न लावता. म्हणूनच बोल्ट हेड काढल्यावर त्याच्या तोंडावरून बोट फिरवून पाहायचे: काही टोचत असेल, तर काम तिथेच थांबवायचे.

आडव्या पिना

सैन्यात ज्यांनी एसएलआर वापरली, त्यांच्या डोळ्यांसमोर ‘अडकलेली पिन’ म्हटल्यावर वेगळेच चित्र येईल. ईशापूरचीच ती ७.६२ ची १ए१, मूळ घराणे बेल्जियमच्या एफएन कारखान्याचे. तिच्या ब्रीच ब्लॉकमध्ये फायरिंग पिन एका स्प्रिंगने मागे ढकललेली असते आणि एक छोटी आडवी पिन तिला आत धरून ठेवते. नवा जवान ती आडवी पिन काढायला बसतो आणि ती हलत नाही. उस्ताद येतो, फायरिंग पिन मागून किंचित दाबतो आणि आडवी पिन अलगद बाहेर येते. ताण गेला, पिन सुटली. वर म्हटलेले चौथे कारण ते हेच. ज्यांनी हे एकदा पाहिले आहे ते पुन्हा कधी पिनेवर हातोडी उगारत नाहीत.

आडव्या पिना बारा बोअरच्या बंदुकांतही असतात, छऱ्याच्या एअर रायफलीतही असतात, आणि हल्ली मुले नेमबाजी शिकायला जातात त्यामुळे एअर रायफल घरात येऊ लागली आहे. म्हणून त्यांच्याबद्दल थोडे.

पिनेची दोन्ही टोके नीट पाहा. दोन्हीकडे जाडी सारखी असेल तर ती साधी सरळ पिन. एक टोक बारीक, एक जाड असेल तर ती निमुळती. ती बारीक टोकावर ठोकली तरच निघते, जाड टोकावर जितके ठोकाल तितकी घट्ट होते. डोळ्यांना फरक कळत नसेल तर व्हर्नियरने मोजा. टोकाला चीर दिसत असेल तर ती गुंडाळलेल्या पत्र्याची स्प्रिंग पिन. टोकाभोवती ठोकल्याचे बारीक ठसे असतील तर ती कारखान्यात कायमची बसवलेली आहे, तिला हात लावू नका. काहीच खूण नसेल तर जुनी रीत अशी, की बंदूक नेमात धरल्यावर पिन डावीकडून उजवीकडे काढायची आणि उजवीकडून डावीकडे घालायची. सगळे कारखाने ती पाळतात असे नाही, पण पहिला अंदाज तोच.

पंच (सुतार ज्याला पोगर म्हणतात त्या जातीचा) पिनेपेक्षा नखभर बारीक हवा. सुरुवातीला आखूड पंच, कारण लांब पंच वाकतो आणि घसरतो. पिन हलली की मग लांब. खाली आधार भक्कम हवा. सागवानी ठोकळ्याला भोक पाडून घ्या आणि पिनेचे दुसरे टोक त्या भोकावर येईल असा भाग ठेवा. मांडीवर किंवा गादीवर ठेवून ठोकलेला घाव गादीच खाते, पिनेपर्यंत पोहोचतच नाही. व्हाइसमध्ये धरायचे तर जबड्यांना तांब्याचा पत्रा किंवा लाकडाच्या पट्ट्या लावा, आणि पोकळ भाग आवळू नका.

हातोडी सोनाराची शोभेल एवढी लहान. जड हातोडीच्या एका घावाने पिनेचे तोंड चेपून छत्रीसारखे पसरते. पसरलेले तोंड भोकातून कधीच जात नाही, म्हणजे नसलेली अडचण आपणच तयार केली. हलके, झटकेदार, एकसारखे घाव गंजाला तडा देतात आणि पिनेचे तोंड शाबूत राहते. दहा-बारा घावांत हालचाल नसेल तर थांबा, तेल घाला, दुसऱ्या दिवशी या. तोंड आधीच पसरलेले असेल, पिन आत तुटली असेल किंवा ड्रिलने काढायची वेळ आली असेल, तर ती दुरुस्ती झाली. तिथून पुढे गनस्मिथ.

परत जोडताना

सगळे भाग रॉकेलने धुऊन, कोरड्या चिंदीने पुसून, वाऱ्यावर वाळवा. स्प्रिंगवर आणि पिनेवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, म्हणजे बोटाला लागेल न लागेल एवढाच. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा आपला स्वयंपाकातला नियम इथे चालत नाही.

पिन कॉकिंग पीसमध्ये परत फिरवताना तिचे मागचे टोक कॉकिंग पीसच्या पातळीत आले आणि खाच स्क्रूच्या समोर आली की थांबा, मगच स्क्रू लावा. फोटोशी ताडून पाहा. बोल्ट हेड हाताने शेवटपर्यंत फिरवा. एक फेरा कमी राहिला तर बोल्ट नीट बसत नाही आणि माणूस उगाच जोर करतो. ते पूर्वीपेक्षा बरेच पुढे फिरत असेल, तर झीज झाली आहे, गनस्मिथला दाखवा. कॉकिंग पीस पूर्ण पुढे असताना पिनेचे टोक बोल्ट हेडमधून साधारण एक मिलिमीटर दिसले पाहिजे आणि ते गोल, गुळगुळीत हवे. टोक झिजलेले, खड्डे पडलेले किंवा धारदार असेल, तर नवी पिन परवानाधारक विक्रेत्यामार्फत घ्या. उद्यमबागेतला कारागीर मापात पिन वळवून देईल यात शंका नाही, आपल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला आदरच आहे. पण पोलाद कुठले, ते किती कडक केले, टोकाची गोलाई किती, हे मापाच्या कागदावर येत नाही. शिवाय विनापरवाना बंदुकीचा भाग बनवणे हा त्याच्या डोक्यावर गुन्हा होईल. त्याला अडचणीत आणू नका.

जोडल्यावर रिकाम्या बंदुकीत बोल्ट घाला, चेंबर पुन्हा पाहा, सुरक्षित दिशेला नळी धरून चाप दाबा. ‘खट्’ आवाज कोरडा आणि एकाच ठोक्यात आला पाहिजे.

शेवटी जमा करण्याबद्दल. बंदूक ठाण्यात देण्याआधी वरीलप्रमाणे साफ करून, बाहेरून मशीन तेलाचा पातळ थर देऊन द्या आणि कापडी किंवा चामडी खोळ टाळा, त्या ओल धरतात. पावतीवर बंदुकीच्या नंबराबरोबर बोल्टचा नंबरही लिहून मागा. एकाच जागी दहा सारख्या रायफली असल्या आणि बोल्ट वेगळे ठेवले गेले, तर अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. या रायफलीत बोल्ट हेड आणि बोल्ट त्या त्या बंदुकीला जुळवून बसवलेले असतात. दुसऱ्याचा बोल्ट आत सहज जातो, बंदही होतो, पण काडतुसामागची फट बदललेली असते. म्हणून परत घेताना ठाण्याच्या टेबलावरच दोन्ही नंबर ताडून पाहा आणि वेगळे निघाले तर तिथेच सांगा. घरात वारसाहक्काने आलेली बंदूक धरून एका व्यक्तीकडे दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, ही २०१९ च्या दुरुस्तीनंतरची मर्यादा आहे. आजोबांची तिसरी बंदूक अजून माळ्यावर असेल, तर ती साफ करत बसण्याआधी तिची कागदपत्रे पाहा.